फोन कोरा झाला त्याची गोष्ट

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरी दखनी, वर्गात उर्दू आणि शिक्षण खात्याच्या कागदांवर मराठी, असा आमचा दिवस तीन भाषांत वाटलेला असतो. उर्दूत 'हम' म्हणायची जिभेला लागलेली सवय मराठीत येताना 'आम्ही' होऊन येते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. मिरवण्यासारखं आमच्यापाशी काही नाही. एक फोन होता, तोही बिघडला.

हा फोन आम्ही २०२० साली, लॉकडाऊनच्या दिवसांत, हप्त्यांवर घेतला. शाळा बंद होत्या आणि वर्ग फोनवर भरत होता. मुलांच्या वह्यांचे फोटो यायचे, त्यांवर बोटाने लाल खुणा करून आम्ही ते परत पाठवायचो. ज्या घरांत आईला लिहिता-वाचता येत नसे, तिथून आवाजी निरोप यायचे. मागे कुकरची शिट्टी, कोंबड्यांचा गलका आणि त्यातून एखादं पोर सबक वाचत असायचं. पाच वर्षांत त्या फोनच्या पोटात काय काय गेलं याचा हिशेब नाही. हजेरीची पत्रकं, परिपत्रकं, पोषण आहाराचे तक्ते, लग्नाच्या पत्रिका आणि दर शुक्रवारी न चुकता येणारी 'जुम्मा मुबारक'ची गुलाबाची फुलं. फोनची साठवण ३२ जीबी. त्यातली बरीचशी जागा फोनच्या स्वतःच्याच कामाला लागते. माणसाचं पोट भरलं की त्याला सुस्ती येते, तसंच फोनचंही होतं.

२०२५ च्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, तो पुरता बिघडला. बोलता बोलता आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. एका पालकाला फोन लावावा तर तो हेडमास्तरांना लागायचा. बोट न लावता पडद्यावरची बटणं दाबली जायची. हे सगळं आम्ही सहन केलं असतं, पण एके सकाळी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांच्या इंतकालाची खबर ग्रुपवर आली. सगळे मगफिरतीची दुआ लिहीत होते आणि आमच्या फोनने आपल्या मनाने तिथे हसणारा चेहरा पाठवला. माफी मागायला गेलो तर कीबोर्ड उघडेना. शेवटी बुरखा चढवून त्यांच्या घरी गेलो आणि समक्ष माफी मागितली. त्या घरच्या मोठ्या सूनबाई म्हणाल्या, "जाने दो टीचर, फोनकू क्या समजताय." पण आम्हाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घरगुती इलाज आधी सगळे केले. फोन बंद करून चालू केला. फुलांचे आणि शुभेच्छांचे शेकडो फोटो पुसले. ॲपांची 'कॅशे' नावाची तात्पुरती अडगळ साफ केली. दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग आम्ही बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारा आमचाच जुना विद्यार्थी. सातवीत असताना शिसपेन्सिलीला टोक करताना तो पेन्सिलच संपवायचा. आता त्याच हाताने केसाएवढ्या तारा जोडतो.

त्याने आधी फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू केला. बंद करण्याचं बटण पडद्यावर दाबून धरलं की हा पर्याय येतो. त्यात आपण वरून घेतलेली सारी ॲप्स झोपून राहतात, फक्त फोनची मूळची तेवढी जागी असतात. अर्धा तास फोन शहाण्या मुलासारखा वागला. तो म्हणाला, "टीचर, काच चांगली है, बॅटरी चांगली है. जो खराबी है वो अंदर जमा हुएली चीजांमें है."

मग त्याने आम्हाला रीसेटचे प्रकार समजावून सांगितले. जुन्या विद्यार्थ्याकडून शिकण्यात जो आनंद असतो तो शिक्षकांनाच ठाऊक. पहिला प्रकार नेटवर्कचा. त्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाईल नेटवर्कची जुळणी पुसली जाते, बाकी काही जात नाही. दुसरा ॲपच्या पसंतींचा. कोणतं ॲप बंद ठेवलं होतं, कोणाच्या सूचना अडवल्या होत्या, हे सगळं मूळपदावर येतं, पण मजकूर शाबूत राहतो. तिसरा मात्र 'सर्व डेटा मिटवा'. त्यात फोन दुकानातून आणल्या दिवसासारखा कोरा होतो. आमच्या फोनला तिसऱ्याच इलाजाची गरज होती.

"पहिले बॅकअप लेंगे," तो म्हणाला, आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. लोकांना वाटतं, बॅकअप म्हणजे अख्ख्या फोनची हुबेहूब नक्कल. तसं नसतं. ती एक ठरलेली यादी असते. गुगलच्या खात्यात नंबर जातात, एसएमएस जातात, कोणती ॲप्स होती त्यांची नावं आणि काही सेटिंग्ज जातात. फोटो वेगळ्या ठिकाणी जातात, आणि तेही आपण तशी सोय चालू ठेवली असेल तरच. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्या आतून वेगळा घ्यावा लागतो. फुकट मिळणारी जागा सगळी मिळून १५ जीबी. १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जाऊ लागले आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही. म्हणून त्याने आमच्याकडून आधी ईमेलमधली अडगळ काढवून घेतली. गुगलचा पासवर्ड आठवतो का, तो मुखोद्गत म्हणायला लावला. व्हॉट्सॲपचा बॅकअप आजच्या तारखेचा आहे ना, हे दोनदा पाहिलं. आणि मग वर्गात आम्ही त्याला विचारायचो तसं त्याने आम्हाला विचारलं, "और कुछ रह गया, टीचर?"

आम्ही म्हटलं, "नही."

वाचकहो, त्या 'नही'साठीच हा लेख लिहायला बसलो आहोत.

बटण दाबलं. दहा मिनिटांत फोन उठला आणि अनोळखी माणसासारखा आमच्याकडे पाहू लागला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, भाषा कोणती? यादीत मराठी होती, उर्दूही होती. उर्दूवर बोट ठेवलं तर सगळा पडदा उजवीकडून डावीकडे फिरला, परत जायचा बाणही दुसऱ्या बाजूला गेला. क्षणभर वाटलं, असंच राहू द्यावं. मग शिक्षण खात्याचं काम आठवलं आणि मराठी निवडली. इतका साधा प्रश्न, पण आजवर आम्हाला तो असा तोंडावर कुणी विचारला नव्हता.

रात्री घरी बसून एकेक गोष्ट जागेवर लावली. ॲपांच्या राखाडी चौकोनांत हळूहळू रंग भरत गेला. नंबर आले, वह्यांचे फोटो आले. व्हॉट्सॲपने नंबर तपासून विचारलं, जुनं परत आणू का? तिथे घाईत 'नको' म्हटलं तर ते ॲप काढून पुन्हा पहिल्यापासून टाकावं लागतं, हे विद्यार्थ्याने बजावलेलं होतं. आम्ही 'हो' म्हटलं आणि पाच वर्षांच्या कुकरच्या शिट्ट्या परत आल्या. पैशांच्या ॲपने सिमकार्डावरून बँकेला एसएमएस धाडून आमची ओळख नव्याने पटवून घेतली. डिजिलॉकरमधले कागद लॉगिन करताच दिसले, कारण ते फोनमध्ये कधी नव्हतेच. प्रत्येक ॲप नव्याने परवानगी मागत होतं. कॅमेरा पाहू? ठिकाण पाहू? मागच्या वेळी घाईत आम्ही सगळ्यांना हो म्हटलं होतं. या वेळी निम्म्यांना साफ नकार दिला. कोरं होण्याचा हा एक फायदा.

नमाजच्या वेळांचं ॲप आलं, पण त्याच्या आतली आमची जुळणी आली नाही. असरची वेळ हनफी हिशेबाने लावायची राहिली आणि घरात अम्मीची चुळबुळ सुरू झाली, "आज असर इत्ती जल्दी कैसी हुई?" हिजरी तारीखही एक दिवस पुढे पळत होती. आपल्याकडच्या चाँदप्रमाणे ती एक दिवस मागे घ्यावी लागली. कीबोर्डने तर कमालच केली. पाच वर्षांत तो आमच्या तिन्ही भाषा शिकला होता. 'इन्शा' लिहिलं की 'अल्लाह' समोर ठेवायचा, 'कायकू' लिहिलं तर मुकाट्याने मान्य करायचा. आता प्रत्येक दखनी शब्दाखाली लाल रेघ. बालवाडीतल्या मुलाला हात धरून गिरवून घ्यावं तसं त्याला पुन्हा शिकवायला घेतलं.

रात्री अकराच्या सुमाराला सगळं लागलं असं वाटलं. तसल्ली झाली. सहज आवाज रेकॉर्ड करायचं ॲप उघडलं. ते रिकामं होतं.

त्यात नानीच्या १७ ओव्या होत्या.

आमची नानी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. शाळेची पायरी चढलेली नव्हती. बोलायची दखनीत, पण जात्यावर बसली की गायची मराठीत. तिच्या लहानपणी आळीतल्या बायका पहाटे एकमेकींच्या घरी दळायला जात. तिथे गाणं मराठीच होतं आणि कुणी कुणाला धर्म विचारत नसे. तिच्या ओवीत भाऊ असायचा, माहेरची वाट असायची, मिरजेच्या मीरासाहेबांचा दर्गा असायचा, आणि पंढरीला निघालेल्या शेजारणीसोबत विठ्ठलही असायचा. २०२२ च्या रमजान ईदेला आम्ही तिच्यासमोर फोन धरला. घरातलं जातं परसात उपडं पडलं होतं. ते मामूंच्या पोरांनी आत आणून दिलं. नानीने खुंट्याला हात घातला, मूठभर जोंधळे टाकले आणि फोनकडे पाहून विचारलं, "यो डब्बा मेरा आवाज लेके क्या करेगा गे?" मग गायला लागली. जातं नुसतं हाताने फिरवलं तरी तिला सूर सापडायचा, आणि जातं थांबलं की शब्द थांबायचे. २०२३ मध्ये तिचा इंतकाल झाला.

त्या ओव्या आम्ही कुणाला ऐकवल्या नाहीत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खोटं लिहून उपयोग नाही. थोरले मामू रिटायर झाल्यापासून दीनच्या कामात असतात. नानीच्या तोंडी विठ्ठलाचं नाव ऐकून ते काय म्हणतील, ही एक भीती. सासरी 'उर्दूची टीचर आणि हे काय ऐकते' असं कुणी म्हणेल, ही दुसरी. आणि शाळेत, जिथे आम्ही उर्दू टिकली पाहिजे असं तळमळीने सांगतो, तिथे आमच्या घरची सगळ्यात जुनी गाणी मराठी आहेत हे सांगायला जीभ रेटली नाही, ही तिसरी. पुण्याच्या खालाने नानीच्या चाळिसाव्याला रडत मागितल्या, तेव्हा तेवढ्या दोन पाठवल्या. तिने पुन्हा मागितल्या. आम्ही म्हटलं, "देते ना, सावकाश." मिरजेत दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत उरुसाला गाणं होतं, दूरदूरचे गवई येऊन हजेरी लावतात. अशा गावात राहून आम्ही नानीचं गाणं खिशात दडवून ठेवलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्या विद्यार्थ्याच्या दारात उभे राहिलो. त्याने फोन हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग सांगितलं. आवाजाच्या त्या फायली फोनच्या आतल्या साठवणीत होत्या. नंबर आणि फोटो जसे आपोआप गुगलकडे जातात, तशा त्या आमच्या फोनमधून जात नव्हत्या. त्या हाताने उचलून दुसरीकडे ठेवायला हव्या होत्या. वरून घातलेल्या मेमरी कार्डावर असत्या तरी वाचल्या असत्या, कारण असा रीसेट आतली साठवण पुसतो, कार्ड तसंच राहतं.

"अब निकालने को कुछ भी नही है क्या?" आम्ही विचारलं.

तो म्हणाला, जुन्या फोनांत पुसलेलं कधीकधी सापडायचं. आताच्या फोनांत आतला सगळा मजकूर कुलूपबंद भाषेत लिहिलेला असतो आणि त्याची किल्ली फोनमध्येच असते. रीसेट करताना ती किल्ली नष्ट होते. तिच्याविना उरलेलं सगळं नुसतं खरडलेलं. "टीचर, कोई बोला ना के पैसे दो, निकालके देता हूँ, तो मत देना." मग मान खाली घालून म्हणाला, "मेरेकू और एक बार पूछना था." आम्ही त्याला सांगितलं, तू बरोबर विचारलं होतंस. उत्तर आमचं चुकलं.

घरी येऊन खालाशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं वर वर सरकवत मागे गेलो. २०२३ च्या त्या दिवसापर्यंत. दोन ओव्या तिथे होत्या. दाबल्या तर आधी जात्याची घरघर आली, मग नानी आली. १७ मधल्या या दोनच का वाचल्या, याला काही गूढ कारण नव्हतं. या दोन दुसऱ्याला दिल्या होत्या म्हणून वाचल्या. ज्या १५ आम्ही जपून, लपवून, फक्त आपल्याजवळ ठेवल्या, त्या गेल्या. दोष फोनचा नव्हता. फोनने आम्हाला विचारलं होतं, काय काय ठेवू? आम्ही दिलेल्या यादीत नानी नव्हती.

नंतर वाचनात आलं की हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जातं परसात गेलं आणि गाणं बंद पडत चाललं होतं, तेव्हा त्यांनी बायकांच्या समोर बसून ती लिहून घेतली. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला आमच्या नान्या-दाद्यांच्या गाण्याची किंमत कळली. आम्ही बी.एड. झालेलो. 'बालकाची परिसरभाषा' या विषयावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. आम्हाला कळली नाही.

मोहरमच्या सुट्टीत खाला पुण्याहून आली. तिला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "अम्मा गयी, लेकिन हम दोनां बहनां है ना अब्बी." मग ती आणि अम्मी समोरासमोर बसल्या. जातं नव्हतं. अम्मीने परात उपडी ठेवली आणि तिच्यावर हात गोल फिरवत राहिली. हात फिरला की शब्द येत होते. एक ओळ एकीला आठवायची, दुसरी दुसरीला, आणि कुठल्या ओवीत भावाचा घोडा की बैलगाडी यावरून दोघी भांडल्या. अम्मी उर्दू लिपीत लिहीत होती, आम्ही शेजारी बसून तेच देवनागरीत उतरवत होतो. तीन दिवसांत नऊ ओव्या उभ्या राहिल्या. बाकीच्या सहा अजून सापडल्या नाहीत. सापडतील असं वाटतही नाही. सापडलेल्या नऊंत नानीचा आवाज नाही, आणि त्याची भरपाई कशानेही होणार नाही.

शाळेत सातवीच्या मराठीच्या तासाला मुलांना हे सांगितलं. नानी काय गायची ते सांगितलं, विठ्ठलाचं नावही गाळलं नाही. मुलं शांत बसून ऐकत होती. एका मुलीने विचारलं, "टीचर, मेरी दादीकूबी आती है. लाऊँ?" दुसऱ्या दिवशी चार मुलं आपापल्या दादीच्या ओव्या वहीत लिहून घेऊन आली.

फोन आता चांगला चालतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आवाजाच्या फायली कार्डावर आणि शाळेच्या संगणकावर उतरवतो. पण खरा बॅकअप कोणता, ते आम्हाला आता समजलं आहे. ज्या रात्री नऊ ओव्या पुऱ्या झाल्या, त्याच रात्री आम्ही त्या नानीच्या मूळच्या दोनांसह खानदानाच्या ग्रुपवर टाकल्या. सगळ्यांना, थोरल्या मामूंनाही. पाठवायच्या बटणावर बोट थोडं थांबलं, हे नाकारत नाही.

बऱ्याच जणांनी डोळे पुसणारे चेहरे पाठवले. मामूंच्या नावासमोर, निरोप ऐकल्याच्या, दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी फजरनंतर त्यांचा आवाजी निरोप आला. घसा खाकरल्याचा आवाज, थोडी शांतता, आणि मग बहात्तर वर्षांचे मामू बेसूर आवाजात एक ओवी गात होते. लहानपणी जात्यापाशी, अम्माच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली, असं त्यांनी शेवटी सांगितलं. ती आमच्या १७ मध्ये कधी नव्हतीच.

आम्ही ती तेव्हाच खालाला पाठवली.